एकच हाक

मीनाताईंचा फोन गुरुवारी संध्याकाळी पावणेसहाला आला, तेव्हाच मला कळलं की बिघाड गेलेला नाही.

"ऋषी, हाक परत आली बघ," त्या म्हणाल्या. "भाजी निवडून राह्यले होते, अन् फोनातून आवाज आला, 'हाय का घरात?' त्याचाच आवाज. माझ्या हातातली कोथमिरीची जुडी गळून पडली. तू तर म्हणला होतास, काढून टाकलंय त्याला."

"काढलंय ताई."

"मंग बोलून कोण राह्यलंय?"

आवाज अतिकचा होता आणि अतिकला जाऊन दोन महिने होत आले होते.

जुन्या जालन्यात एका कापडाच्या ठोक दुकानाच्या वर माझी खोली आहे. तिथे बसून मी लोकांच्या वेबसाइटी बांधतो आणि बिघडल्या की त्यांना शिव्या देत दुरुस्त करतो. अतिक माझा दोस्त आणि भागीदार. कोड मी लिहायचा, लोकांशी तो बोलायचा, कारण मी बोललो की गिऱ्हाईक पळायचं. त्याच्या डोक्यातून 'उंबरा' निघालं. आमच्या गल्लीतली निम्मी माणसं पुण्याला, नांदेडला, जेद्द्याला पांगलेली. त्यांच्यासाठी एक साइट आणि तिच्यात प्रत्येक घराचा वेगळा ब्लॉग. एकेचाळीस घरं, एकेचाळीस ब्लॉग. एका घरात लोणच्याची कृती, दुसऱ्यात नातवाचे फोटो, तिसऱ्यात नुसती भांडणं. या सगळ्या घरांना जोडायला आम्ही वरून प्लगिन नावाचा एक तयार जोडप्रोग्राम बसवला, म्हणजे लोकांना एकमेकांचे फोटो दिसावेत, कोण आत आहे ते कळावं, निरोप जावेत.

त्या प्लगिनमध्ये दुसऱ्याचं लक्ष वेधायला त्याला टोचायचं एक बटण होतं. अतिकला ते अजिबात पटलं नाही. "आपल्या गल्लीत कुणी कुणाला टोचत न्हाई यार," तो म्हणाला. "दारातून हाक मारतेत." मग त्या बटणाचं नाव 'हाक' झालं आणि उत्तराच्या बटणाचं 'ओ द्या'. दोन्हींचे आवाज आम्ही माझ्याच खोलीत एका दुपारी रेकॉर्ड केले. हाक त्याच्या आवाजात: "हाय का घरात?" आणि ओ माझ्या आवाजात: "ओ! आलो रे, आलो!" मी तेव्हा कशावरून तरी तापलेलोच होतो, ते त्या रेकॉर्डिंगमध्येही ऐकू येतं. दुसऱ्यांनी हाक मारली तर नुसती घंटी वाजे. अतिकने मारली तर त्याचा आवाज. साइट त्याची, तेवढा मान त्याने घेतला होता.

म्हाताऱ्यांना बारीक बटणं दिसत नाहीत म्हणून फोटोवर नुसतं बोट ठेवलं की हाक जाईल, अशी सोय त्याने माझ्याकडून करून घेतली. आणखी एक खूळ होतं. कुणी रागाच्या भरात कुणाला ब्लॉक केलं, तर दोघांना एकमेकांचे फोटो दिसणार नाहीत हे ठीक. पण फोटो नसला तरी नाव टाइप करून हाक मारता यावी, आणि तेवढ्या दिवसांतल्या हाका पुसायच्या नाहीत. त्या ठेवून द्यायच्या आणि राग गेला की पोचवायच्या. मी म्हणालो, असं जगातल्या कुठल्याच प्लगिनमध्ये नसतं. तो म्हणाला, "जगात आपली गल्ली बी न्हाई. लिहून दे." मी कुरकुरत लिहून दिलं आणि विसरून गेलो.

आमची स्वतःची हाक रोज चार वाजता जायची. हाक आली की चहा, एवढाच तिचा अर्थ. कधी तो माझ्या खोलीखालच्या टपरीवर यायचा, कधी मी त्याच्या घरी जायचो.

पोळ्याच्या तिसऱ्या दिवशी मी बॅकअप न घेता प्लगिनची नवी आवृत्ती चढवली. बॅकअप घ्यायला वीस मिनिटं लागतात आणि मला कंटाळा आला होता. चाळीस ब्लॉग सुखरूप राहिले. एक रिकामा झाला. तो सिराजोद्दीनचाचांचा, अतिकच्या वडिलांचा. चाचा शिंपीकाम करायचे. शेवटच्या आजारपणात त्यांनी पोराला ऐंशीएक आठवणी सांगितल्या होत्या. निजामाच्या वेळच्या शेरवान्या, कुणाच्या लग्नाचा कोट कसा उसवला, असं सगळं. अतिकने ते रात्र रात्र बसून थेट साइटवर टाइप केलं होतं. दुसरीकडे कुठेच नव्हतं.

त्याच दुपारी टपरीवर चारचौघांसमोर तो म्हणाला, "माझ्या अब्बांना दुसऱ्यांदा मारलंस तू."

चूक माझी होती, शंभर टक्के माझी. पण चारचौघांत बोलला, याच्याच मला मिरच्या झोंबल्या. "एवढं होतं तर वहीत लिहून ठेवायचं," असं म्हणून मी समोर आलेल्या रिक्षात बसलो. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला तो मी कापला. परत आला नाही. मी मनाशी म्हटलं, ठीक आहे, नाही बोलायचं तर नको बोलू. दोन-सव्वादोन महिने आम्ही एकाच गल्लीतून तोंड फिरवून चालत राहिलो. रोज चार वाजता मी फोनकडे बघायचो, आणि तो गप्प असायचा.

मग नोव्हेंबरात एका दुपारी बदनापूर स्टेशनवर जालन्याच्या गाडीची वाट बघत अतिक बाकावर बसला आणि उठला नाही. छत्तीस वर्षांचा होता. मी कबरस्तानात गेलो, सगळ्यांच्या मागे उभा राहिलो, मूठभर माती टाकली आणि त्याच्या आईला तोंड न दाखवता परत आलो.

चाळिसाव्या दिवसाच्या विधीनंतरच्या पहिल्या गुरुवारी हाका सुरू झाल्या.

सगळ्यांना आल्या. गल्लीत, पुण्यात, जेद्द्यात. दिवेलागणीच्या सुमाराला फोन उजळायचा, अतिकचा हसरा फोटो यायचा आणि आवाज: "हाय का घरात?" प्रत्येकाला एकदाच. आमच्याकडे जुनी माणसं अजून सांगतात, हाक आली की लगेच ओ देऊ नये, थांबावं. जिवंत माणूस दोनदा, तीनदा हाक मारतो. भूत एकदाच मारतं. तेव्हा कुणीच 'ओ द्या' दाबलं नाही. गल्लीतल्या गोजरबाईंनी तर फोन फडक्यात गुंडाळून ज्वारीच्या डब्यात घातला आणि डब्यावर वरवंटा ठेवला. मीनाताई गल्लीच्या मंडळाच्या अध्यक्ष. त्यांनी मला बजावलं, एक तर हे बंद कर, नाहीतर साइटच बंद करू.

मी घाबरलो होतो, हे कबूल करतो. पण माझी भीती त्यांच्यासारखी नव्हती. गल्लीतल्या शेंबड्या पोरांनासुद्धा अतिकची हाक आली होती. ज्यांना त्याने आयुष्यात दोन वाक्यं ऐकवली नसतील, त्यांनाही आली. मला आली नव्हती. मेलेला माणूस साऱ्या जगाशी बोलत होता आणि माझ्याशी अजून अबोला धरून होता. कुणाचा वाह्यातपणा असेल तर मला तो पकडायचा होता; आणि तसं नसेल, तर मला त्याला एकच विचारायचं होतं, की मी अजून माफ झालेलो नाही का.

दुरुस्तीची एक रीत असते. डोकं चालेनासं झालं की मी रीत धरतो. आधी बाकीचे सगळे प्लगिन बंद केले आणि एकेक करून पुन्हा चालू केले. काही फरक पडला नाही. मग वाटलं, जुन्या हाका कुठे रांगेत अडकून आता निघत असतील. रांग पाहिली, रिकामी होती. मग अतिकला मुख्य साइटवरून काढलं. त्याच्या नावापुढचा खोका निवडून 'काढा' दाबलं आणि स्वतःलाच एक शिवी घातली. त्यानंतरच्या गुरुवारी मीनाताईंची कोथमीर पडली.

तेव्हा ध्यानात आलं की मी बावळटपणा केलाय. अशा अनेक ब्लॉगांच्या साइटीची ही खोडच आहे. मुख्य दारातून माणसाला काढलं, तरी ज्या घराच्या यादीत त्याचं नाव आहे तिथे तो राहतोच. अतिक सतरा नंबरच्या घरात होता, त्याच्या स्वतःच्या. तिथून मी त्याला काढलं नाही. आधी बघायचं ठरवलं.

पुढच्या गुरुवारी चार वाजल्यापासून मी सर्व्हरची नोंद उघडून बसलो. खाली कापडाचे गठ्ठे उतरत होते, हमालांची आरडाओरड चालू होती. पाच वाजून दोन मिनिटांनी सतरा नंबरच्या घरात हिरवा दिवा लागला. अतिक आत आला होता.

पहिली हाक तीन नंबरच्या सभासदाला गेली. मिनिटभराने चारला. मग पाचला. कसली घाई नव्हती, कुणी एकेका दारापुढे थांबून पुढे जावं तसं चाललं होतं. सभासदांचे नंबर आम्ही नोंदणीच्या क्रमाने दिले होते. एक नंबर अतिक. दोन नंबर मी.

त्याने मला वगळून तीनपासून सुरुवात केली होती.

मी फोन कुठला आहे ते पाहिलं. नोंदीत फोनचं नाव दिसतं, मालकाने ठेवलेलं. 'अतिक का डब्बा'. तो आपल्या जुन्या फोनला डब्बाच म्हणायचा. खालचा गोंगाट एकदम लांब गेल्यासारखा वाटला. सहाला पाच कमी असताना बावन्नाव्या सभासदाला शेवटची हाक गेली आणि हिरवा दिवा विझला.

फोन कुठे असेल हे कळायला सर्व्हर लागत नाही. माझ्या खोलीपासून ते घर दीडशे पावलांवर होतं. ती दीडशे पावलं टाकायला मला आणखी एक आठवडा लागला.

गुरुवारी, पाचला दहा कमी असताना मी कडी वाजवली. दार अकबरबींनी उघडलं, अतिकच्या अम्मींनी. त्या बारीक झाल्या होत्या. कुठल्या तोंडाने आलास, असं काही म्हणतील म्हणून मी मान खाली घातली होती.

"कौन? ऋषी? आव बेटा," त्या म्हणाल्या. "लई दिवसानं आलास. बस. पोरगी कामावर गेलीय, रातीलाच येईल. मी जरा जुमेरातीची फातिहा करून घेते, मंग बोलू."

गुरुवारची, त्यांच्या जुमेरातीची, उदबत्ती कोनाड्यात होती. ताटलीत शिरा होता, अतिकला आवडायचा तसा, बेदाण्याशिवाय. अम्मींनी डोक्यावरून पदर घेतला आणि हात पसरून त्या गेलेल्यासाठीची दुआ हलक्या आवाजात पढल्या. मग त्यांनी कपाटातून रुमालात बांधलेला फोन काढला. तडा गेलेली काच मी लगेच ओळखली. त्यांनी बोटाने उघडला. अतिक कधी कुलूप लावायचाच नाही. 'उंबरा'चं पान पुढ्यात आलं, फोटोंच्या ओळी आल्या.

अम्मींनी पहिल्या फोटोवर बोट ठेवलं, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "मेरे अतिक का कहा-सुना माफ कर देव." मग दुसऱ्या फोटोवर बोट. पुन्हा तेच.

घरातलं माणूस गेलं की घरचे ओळखीच्यांकडे जातात, त्याच्या हातून काही बोलणं-चालणं झालं असेल तर माफ करा म्हणतात. अम्मींचे गुडघे गेलेले. चाळीस दारांत जाणं त्यांना होणार नव्हतं. अक्षरं त्यांना उर्दूची येतात, आमची नाहीत. 'हाक' हा शब्द त्या पानावर आहे हे त्यांना ठाऊकच नव्हतं. पोराच्या फोनमध्ये पोराची सगळी माणसं होती. म्हणून त्या दर गुरुवारी प्रत्येकाच्या चेहऱ्यावर बोट ठेवून त्याच्यासाठी माफी मागत होत्या. आणि तिकडे पन्नास माणसांची बोबडी वळत होती.

"अम्मी," मी म्हणालो, "दर वेळी सगळ्यांकडं मागता?"

"कबूल झाली का न्हाई कसं कळणार? म्हणून मागते." त्या थांबल्या. "सगळ्यांकडं बी न्हाई. एक राह्यलंय. तुझा फोटो यात न्हाई बेटा. दर जुमेरातीला हुडकते. वाटलं, तू काढून घेतलास. तुमचं काय बिनसलं ते त्यानं सांगितलं न्हाई मला, पण बिनसलं हे तर दिसत होतं."

मी विचारलं, "कसं दिसत होतं?"

"आठवड्याला एकदा तरी चार वाजता म्हणायचा, अम्मी, आज दोन कप टाक, ऋष्या येतो. फोनवर काही तरी करायचा अन् दाराकडं बघत बसायचा. चहा थंड व्हायचा. मंग म्हणायचा, चल, तूच पी दुसरा."

मी विचारलं, फोनवर काय करायचा. त्यांना काय माहीत असणार? म्हणाल्या, बोटानं काही लिहायचा अन् दाबायचा.

मी माझा फोन काढला आणि साइटच्या व्यवस्थापनात शिरलो. मनात म्हटलं, त्याने मला ब्लॉक केलं असणार, राग त्याला येणारच होता, त्याचा हक्कच होता. ब्लॉकची यादी उघडली. साऱ्या साइटवर एकच नोंद होती. ब्लॉक करणारा: दोन. ब्लॉक झालेला: एक. तारीख पोळ्याच्या तिसऱ्या दिवसाची, दुपारी बारा सत्तावीस.

दोन नंबर मी.

मग आठवलं. रिक्षात बसलो होतो. रस्ता खराब होता, हात हलत होता आणि मी दात-ओठ खात त्याच्या फोटोवर काही तरी दाबलं होतं. दोन सेकंदांचं काम. घरी पोचेपर्यंत विसरलो होतो. आणि नंतर सव्वादोन महिने हा का बोलत नाही म्हणून त्याच्यावर धुमसत राहिलो. त्याने मला वगळलं नव्हतं. मीच माझ्या घराचं दार आतून लावून घेतलं होतं आणि बाहेर कुणी हाक का मारत नाही म्हणून रुसून बसलो होतो.

त्या नोंदीखाली ठेवून दिलेल्या हाका होत्या, मी कुरकुरत लिहिलेल्या त्या कोडाने जपलेल्या. अकरा. चार वाजून पाच. चार वाजून दहा. पुन्हा चार वाजून पाच. शेवटची नोव्हेंबरातली, त्या दिवसाची, चार वाजून आठ. ती बदनापूरच्या फलाटावरून मारलेली होती. गाडी यायला अजून वेळ असणार, आणि अर्ध्या तासात आपण जालन्याला पोचू, असं त्याला वाटलं असणार.

"काय झालं रे?" अम्मी म्हणाल्या. "रडून का राह्यलास?"

मी ब्लॉक काढला.

माझा फोन थरथरला. "हाय का घरात?" अतिक म्हणाला. अम्मी दचकल्या, त्यांनी छातीवर हात ठेवला. "हाय का घरात?" तो पुन्हा म्हणाला. पुन्हा. तिसऱ्यांदा. चौथ्यांदा. त्या खोलीत त्याचाच आवाज भरून राहिला, तोच हसरा, थोडा घोगरा. आवाज बंद करायचं बटण माझ्या अंगठ्याखाली होतं, पण मी ते दाबलं नाही. मी मोजत होतो. भूत एकदाच हाक मारतं. याने अकरा वेळा मारली होती, जिवंतपणी, चहासाठी.

अकरा झाल्यावर शांत झालं. अम्मी आपल्या हातातल्या फोनकडे वाकून बघत होत्या.

"आला," त्या म्हणाल्या. "तुझा फोटो आला बघ. अव्वल नंबरलाच."

त्यांनी माझ्या चेहऱ्यावर बोट ठेवलं आणि डोळे मिटले.

"अम्मी, नका मागू," मी म्हणालो. "माझ्याकडं नका मागू. ते उलटं आहे. चाचांचं सगळं लिहिलेलं माझ्या हातून गेलं. त्याची माफी मागायची काही राहिली न्हाई. माझीच राहिलीय."

त्या ऐकत नव्हत्या. त्यांचे ओठ हलत होते, मेरे अतिक का कहा-सुना माफ कर देव. माझा फोन बाराव्यांदा बोलला. "हाय का घरात?"

मी 'ओ द्या' दाबलं.

त्या साइटवर अतिकच्या हाकेला इतक्या गुरुवारांत कुणी दिलेली ती पहिली ओ होती. अम्मींच्या हातातला तडा गेलेला फोन उजळला आणि त्यातून मी ओरडलो, तापलेला, घाईतला, त्या दुपारचा मी: "ओ! आलो रे, आलो!"

अम्मींनी फोनकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"हा तर तुझा आवाज," त्या म्हणाल्या.

"हो अम्मी."

त्यांनी फोन रुमालावर ठेवला, गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि स्वयंपाकघराकडे गेल्या. आतून भांड्यात पाणी ओतल्याचा आवाज आला. मग त्यांनी फळीवरून कप काढले. मी ऐकत होतो. एक, दोन आणि थोडं थांबून तिसरा.